डाव्या हाताची कॅसेट

बॅन्जो पार्टीच्या सोमामास्तरने शिट्टी मारली आणि ढोलताशे जागीच गप्प झाले. वैशाखरे गावात वरातीच्या वाटेवर गणूचं घर होतं आणि त्याच्या तरण्या मुलाचं दहावं अजून व्हायचं होतं. सुतकाच्या दारात वाजाप थांबवायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पार्टीचा कॅसिओवाला बुद्धभूषण डोळे मिटून होता. हातगाडीवरच्या कर्ण्यातून त्याची एकट्याची संथ, गोड प्रेमाची चाल त्या दारात वाजत राहिली.

त्याच्या डोक्यात त्याची स्वतःची कॅसेट होती. पुढच्या आठवड्यात कल्याणच्या स्टुडिओत खरा पियानो, मागे व्हायोलिनचा ताफा, गाणारा कोणी नाही, नुसत्या प्रेमाच्या चाली. लोकांच्या लग्नांत धांगडधिंगा वाजवून केस पिकलेल्या माणसाने एवढी एक हौस केली तर काय बिघडलं?

गणू दांडकं घेऊनच बाहेर आला. "माज्या पोराची राख थंड नाय झाली, नि तू पिरमाची गानी वाजवतंस?"

पहिला फटका कॅसिओवर बसला. पट्ट्या दातांसारख्या रस्त्यावर सांडल्या. मागून भावकी धावली. लाथा, बुक्क्या, आईबहिणीवरून शिव्या. बुद्धभूषणचं नाक फुटलं. कोणीतरी त्याचा उजवा हात दगडावर दाबून धरला.

"चुकलं, दादा! ध्यानात नाय आलं!" तो किंचाळला. "डावा मोडा, उजवा नको!"

गणूने उजव्यावरच घातलं. पुन्हा घातलं. हाड मोडल्याचा आवाज वऱ्हाडातल्या बायकांनीही ऐकला. मग नवरदेवाची जीप पुढे निघाली.

"केस करू," घरी त्याला भात भरवताना त्याची बायको वंदना म्हणाली.

"सुतकातलं घर व्हतं गो. चूक माजी."

"चूक तुमची, मान्य. पन त्यांच्यातला कुनी वाजवत असता, तर हात मोडला असता का?"

उत्तर त्याला ठाऊक होतं. तो घास चावत राहिला.

ठरल्या दिवशी तो स्टुडिओत गेलाच. प्लास्टर पाहून व्हायोलिनवाल्यांनी माना खाली घातल्या. उजव्या हाताची चाल व्हायोलिनवर घ्यायची ठरली आणि त्याने डावा हात पट्ट्यांवर ठेवला. व्हायोलिनं एकदम उठली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. असं सुख त्याला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"थांबा, थांबा," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. "मधे कसली तरी टकटक येतेय. पुन्हा घेऊ."

सगळ्यांनी वळून पाहिलं. प्लास्टरमधला उजवा हात पियानोच्या लाकडावर आपटत चाल वाजवत होता. बुद्धभूषणला ते कळलंच नव्हतं. बोटांपाशी प्लास्टर लाल झालं होतं.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "माजा उजवा हाय तो."