बारा कडा

या, असं दारात उभं राहू नका, पुढे सरका. चष्मा काढून ठेवलात तरी चालेल, या गोष्टीला कान पुरतात. एका बाइंडरची गोष्ट सांगते. त्याच्यासोबत चाळीस शहाण्यांचीही सांगावी लागेल, आणि त्या चाळिसांत मीही होते, हे आधीच कबूल करते.

फोनवर आमचा एक ग्रुप होता. सकाळी तर्काची कोडी, दुपारी फुटबॉल, संध्याकाळी कविता. बाइंडर सोडून माणसं चाळीस, पण तोंडं चालायची तिघाचौघांची. ॲडमिनला सगळे प्रमेय म्हणायचे. धंदा फरशांच्या दुकानाचा, पण बोलणं असं, की जग घडवताना देवाने याला विचारलं नाही म्हणून थोडं वाकडं झालं. दुसरा फॉरवर्ड. मैदानावर कधी पाय ठेवला नाही, दोन जिने चढला की भिंत धरतो. पण गोलकीपरने कुठे उभं राहायला हवं होतं, हे याला सामना संपल्यावर बिनचूक ठाऊक. मी औषधांच्या दुकानात काउंटरला, म्हणून गोळीताई.

आणि बाइंडर. छापखान्यामागच्या खोलीत पुस्तकं बांधायचा. तरुणपणी छापखान्याच्या संघाचा गोलकीपर. चेंडू अडवून डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झालेली. घरी तो आणि धाकटी बहीण. दिवसभर कात्री, सरस आणि कागद यांच्याशी काय बोलणार? बोलायला आम्हीच होतो. आमचं भाग्य म्हणायचं, पण ते कळायला अक्कल लागते.

आम्हाला जे नंतर कळलं ते तुम्हाला आत्ताच सांगते. बाइंडरची नजर चालली होती. मधोमध काळा डाग, कडेकडेने थोडंसं दिसायचं. बहीण दाताच्या दवाखान्यात नोंदी लिहायची, रविवारीसुद्धा. सहाला घरी आली की ती दिवसभराच्या आमच्या गप्पा त्याला मोठ्याने वाचून दाखवायची आणि तो सांगेल ते टाइप करायची. 'त्यांना सांगू का, दादा?' असं तिने विचारलं, तर म्हणाला, "नको. कीव आली की माणसं कोडी सोपी करतात."

म्हणून आम्हाला दिसायचं ते एवढंच, की बाइंडर रोज सहानंतर उगवतो. आणि मागण्या काय? 'चित्रात काय आहे ते कुणी शब्दांत सांगाल का?' 'गोल कसा गेला, जरा सविस्तर लिहा ना.' बहिणीला चित्रातलं कोडं सांगता यायचं नाही. ती म्हणायची, "दादा, रेघा आहेत. खूप रेघा आहेत."

एका संध्याकाळी त्याने चार ओळी पाठवल्या:

पानं सुटी, दोऱ्यात ओवली,
शेजाऱ्याला शेजारी लावली;
जन्मभर पाठीला पाठ लागून
कुणी कुणाला नाही वाचलं अजून.

फॉरवर्डने लिहिलं, 'छान. पण संदेश कमी पडतो.' धन्य तो रसिक! रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर चार सुविचार चिकटवून पाठवणारा हा माणूस, त्याला संदेश कमी पडला.

पुढच्या रविवारी दुपारी प्रमेयाने खटला भरला. तोही तर्कशुद्ध.

'विधान एक: जो स्वतः सोडवतो, त्याला सहापर्यंत थांबावं लागत नाही. विधान दोन: बाइंडर रोज सहापर्यंत थांबतो. निष्कर्ष: बाइंडरला उत्तरं कुणीतरी पुरवतं.'

'आणि सामना न बघता सामन्यावर बोलतो,' फॉरवर्ड म्हणाला. 'गोलकीपर होता म्हणे! गोलच्या खांबाला बांधून ठेवला होता का?'

त्याखाली तीन हसरे चेहरे आले. ते मी पाठवले. याच बोटांनी, ज्यांनी मी सकाळी देवापुढे दिवा लावते.

शिक्षा नव्हे, परीक्षा ठरली: सोमवारी चार वाजता चित्राचं कोडं, उत्तराला दहा मिनिटं. सहानंतर बाइंडरचं उत्तर आलं, 'चारला जमणार नाही, सहाला चालेल का? आणि चित्र शब्दांत सांगाल तर उपकार होतील.'

'शब्दांत सांगायचं तर उत्तरच सांगू की!' प्रमेय म्हणाला. चाळीस जण हसले.

सोमवारी चार वाजून अकरा मिनिटांनी स्क्रीनवर ओळ उमटली, प्रमेय यांनी बाइंडर यांना काढून टाकलं. फॉरवर्डने लाल कार्डाचं चित्र टाकलं. मी खोकल्याचं औषध बांधत होते. बांधतच राहिले.

शुक्रवारी फोन आला.

"गोळीताई का? मी बाइंडरची बहीण. ग्रुपमधून नंबर उतरवून ठेवला होता. दोन मिनिटं आहेत?"

"बोला ना."

"तुम्ही दादाला काढलंत."

"मी नाही हो, ॲडमिनने…"

"तेच ते. मी त्याला सांगितलं नाही; रविवारचा खटलाही वाचला नाही, नुसती परीक्षा सांगितली. म्हटलं, फोन बिघडलाय, काही येतच नाही. आता तो म्हणतो, दुरुस्तीला टाक. रोज विचारतो, टाकलास का? ताई, त्याला डोळ्यांनी दिसत नाही. मी काय सांगू, ते तुम्ही सांगा. तुम्ही सगळे तर्कवाले ना?"

तिने हे रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने खरंच विचारलं.

दुपारी दुकान थोडं रिकामं झाल्यावर मी छापखान्यामागच्या खोलीत गेले. टेबलावर पानांच्या थप्प्या, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र, सरसाचा वास. बाइंडर एका पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवत होता.

"कोण?" त्याने मान वाकडी करून माझ्याकडे कडेने पाहिलं.

"गोळीताई."

त्याचा चेहरा असा उजळला, की मला परत जावंसं वाटलं. "अहो, या, या! ती थप्पी सरकवून बसा. फोन बंद पडला हो माझा. पाच दिवस झाले. तिकडे काय काय चाललंय?"

सांगितलं. "भाऊ, फोन बिघडलेला नाही. तुम्हाला काढलं. सहाला उत्तर देता, म्हणजे नक्कल करता, असं सिद्ध केलं त्यांनी. आणि मी हसले."

अंगठा पाठीवर थांबला.

"म्हणजे फोन ठीक आहे."

"ठीक आहे."

"चला, दुरुस्तीचा हेलपाटा वाचला." मग पुस्तक खाली ठेवून तो म्हणाला, "आणि ते सोमवारचं कोडं काय होतं? ते तरी सांगाल?"

बघा, याला म्हणतात कोड्यांचा माणूस. लाथ बसली तरी विचारतो, चेंडू कुठे गेला.

मी शब्दांत सांगितलं. लाकडाचा चौकोनी ठोकळा, सगळ्या बाजू समान, बाहेरून सगळीकडे लाल रंग लावलेला. त्याचे सारखे सत्तावीस तुकडे केले, प्रत्येक बाजूने तीन-तीन. नेमक्या दोन अंगांना रंग आहे असे तुकडे किती? सांगायला मला अर्धं मिनिट लागलं. चाळीस शहाण्यांना जे अशक्य होतं, ते अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

बाइंडरने समोरचं जाडजूड पुस्तक उचललं आणि त्याच्या कडांवरून वाकडी बोटं फिरवली. वरच्या चार, खालच्या चार, उभ्या चार.

"बारा कडा. टोकांच्या तुकड्यांना तीन रंग लागणार, ते सोडा. प्रत्येक कडेवर मधला एकच उरतो. बारा."

"बरोबर. ग्रुपला पाऊण तास लागला."

"त्यांनी पाहिलं असेल," तो म्हणाला.

माझं स्वतःचं सगळं शहाणपण ऐकीव आहे हो. गाऊन सांगणाऱ्यांच्या पायाशी बसून कानांनी गोळा केलेलं. रंगात आलेली गोष्ट ऐकताना मी डोळे मिटते, आणि देव तेव्हाच दिसतो. आणि 'मला ऐकवा' म्हणणाऱ्या माणसाला मी हसले.

"त्यांना सांगू का?" मी विचारलं. "नजरेचं?"

"सांगा. लपवून तरी काय राखलं मी?" मग हळूच म्हणाला, "घेतील परत?"

संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. उत्तरही लिहिलं, कडांसकट. काय झालं असेल? जोडलेले हात आले. एकोणचाळीस जोडलेले हात. अर्ध्या तासात प्रमेयाने कविता केली, 'अंधाराचा प्रवासी'. जिवंत माणसाला चांगलं मखरात बसवून पोचवून आला. बदामांचा पाऊस पडला. फॉरवर्ड म्हणाला, 'यात संदेश आहे.'

मी लिहिलं, 'रडणं झालं असेल तर त्यांना परत घ्या.'

प्रमेयाने विचार केला. त्याचा विचार म्हणजे तीन वाक्यं. 'इथे चित्रं असतात. चित्रांनी त्यांना दुःख होईल. म्हणून न घेणंच त्यांच्या हिताचं.' त्याखाली पुन्हा जोडलेले हात, आणि पाच मिनिटांत पेनल्टीवरून भांडण सुरू.

चाळीस डोक्यांना एवढा साधा निष्कर्ष काढता आला नाही, की चित्राखाली एक ओळ लिहावी. मी ग्रुप सोडला. कुणाच्या लक्षात आलं नाही; मी काही कविता करण्याजोगी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सहाला, बहिणीच्या फोनवर मी बाइंडरला खरं ते सांगितलं. "नाही घेत, भाऊ. ते तर पेनल्टीवरून भांडतायत."

तो म्हणाला, "ताई, पेनल्टी कुठल्या कोपऱ्यात मारली होती?"

आता रोज दुपारी दुकान थंड असलं की मी त्याला फोन करते. कोडं सांगते, सामना सांगते. मी गोल म्हणते, तो विचारतो, "गोलकीपरचा पाय कुठला पुढे होता?" मला माहीत नसतं. पुढच्या वेळी नीट पाहते. पन्नास वर्षांत एवढं नीट मी काही पाहिलं नव्हतं.

झाली गोष्ट. आता एक मागणं आहे. कुणाला चित्र पाठवाल, तेव्हा बोट क्षणभर थांबवा आणि छापखान्यामागच्या त्या बाइंडरला आठवा. खाली एक ओळ लिहा, चित्रात काय आहे ते. तो तुमच्याही चाळिसांत कुठेतरी असेल, आणि सहा वाजायची वाट बघत असेल.