ढब्बूच्या पिशवीवरचा नंबर

रिटायर होऊन सात वर्षं झाली, तरी भिंगबाबांच्या खिशातलं भिंग काही सुटलं नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात लेबलं तपासली. साबणाची, औषधांची, बिस्किटांची. नमुन्यावर त्यांचा जांभळा शिक्का बसल्याशिवाय मशीन हलत नसे: ‘तपासले’. इतकी वर्षं दुसऱ्याच्या चुका शोधल्यावर माणसाला जग सरळ दिसायचं तरी कसं? काडेपेटीसुद्धा ते उलटसुलट करून बघत.

त्यात ढब्बूचं दुखणं निघालं. ढब्बू म्हणजे त्यांचा तेरा वर्षांचा कुत्रा. बायको गेल्यापासून खोलीत सोबतीला तेवढाच. खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं, बरगड्या वर आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पोट नाजूक झालंय, खाणं सांभाळलंत तर निभेल. भिंगबाबांनी लगेच सुनेकडे बघितलं.

“हिच्या हातचं खाऊन कुत्रंसुद्धा आजारी पडलं,” ते डॉक्टरांसमोरच म्हणाले.

सून ढब्बूचा पट्टा हाताभोवती गुंडाळत राहिली.

मग स्वारी कुत्र्यांच्या खाद्याच्या दुकानात गेली. त्यांनी अकरा पाकिटं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. दुकानवाल्या बाईंनी शेवटी बसायला स्टूल दिलं. अकरातून एक सेंद्रिय खाद्य पास झालं. घरी आल्यावर त्यांनी पिशवीवरचा नंबर, जो दर पिशवीला वेगळा असतो, तो चारच्या आकड्याच्या शेपटीसकट डायरीत उतरवून घेतला आणि सुनेला बजावलं, यापुढे हेच आणायचं, दुसरं काही ढब्बूच्या तोंडाला लागता कामा नये.

पहिले दोन दिवस ढब्बूने ते नुसतं हुंगलं. तिसऱ्या दिवशी भांडं चाटूनपुसून साफ केलं. महिन्याभरात त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता.

पण दोन महिन्यांनी सुनेने “तिसरी पिशवी फोडली, बाबा,” असं सांगितलं त्या दिवशी भिंगबाबांनी कपाट उघडून भिंग लावलं. नंबर तोच, पहिल्या पिशवीचा. चारच्या आकड्याला केसाएवढी शेपटी, तीही तीच. दर वेळी तीच शेपटी, म्हणजे खोट छपाईच्या प्लेटमध्ये. एकाच प्लेटवर लेबलांचे गठ्ठे मारून ठेवलेत आणि आत हवं ते भरतायत. ढब्बू आज बरा दिसतोय, पण भेसळ काय पहिल्या दिवशी बोलते? उद्या तो उठलाच नाही तर?

सकाळी सून अंघोळीला गेली तशी पिशवी काखेत मारून ते दुकानात हजर झाले.

“तीन पिशव्या, नंबर एक. कोणाला फसवता, बाई?”

बाईंनी पिशवी हातात घेतली, फिरवून बघितली. “काका, ही एकच पिशवी आहे. हा बघा, कोपरा मीच स्टेपल केला होता. त्यानंतर तुमच्याकडून कोणी आलंच नाही.”

भिंगबाबांनी स्टेपलला भिंग लावून बघितलं. जगातल्या कुठल्याही माणसाला आधी हेच सुचलं असतं. त्यांना मात्र प्लेट आठवली होती. आणि पिशवी एकच, तर दोन महिने तिच्यात कोण काय भरतंय? म्हणजे चोर घरातच. डॉक्टरांसमोर बोललो त्याचा राग मुक्या जनावरावर काढते काय ही?

ते तावातावाने घरी आले आणि चपलांसकट स्वयंपाकघरात शिरले. सून ओट्यापाशी उभी होती. समोर ट्रेमध्ये भाजून कडक केलेली वडी होती, आणि ती सुरीने तिचे नखाएवढे चौकोन पाडत होती, अगदी पिशवीतल्या दाण्यांच्या मापाचे. पायाशी ढब्बू लाळ गाळत बसला होता. कपाटाच्या दाराला आतून डॉक्टरांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता: भात इतका, भोपळा इतका, कोंबडी इतकी, मीठ नाही.

“दुकानातलं तो खात नव्हता,” ती मान वर न करता म्हणाली. “डॉक्टरांना विचारून करते. दर शनिवारी त्याचं वजन करून आणते.”

“मग पिशवी कशाला?”

“माझ्या हातचं म्हटलं असतं, तर देऊ दिलं असतंत?”

भिंगबाबांनी सवयीने एक चौकोन उचलला, खिशातून भिंग काढलं, आणि तसंच परत ठेवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. ते खोलीत गेले आणि पेटीतून जुना शिक्का काढला.

निरोपाला छापखान्याच्या मालकांनी तो त्यांनाच दिला होता. शाईची गादी वाळून खडखडीत झालेली, ती पाणी टाकून भिजवली. मग काचेची एक बरणी धुऊन पुसून ओट्यावर आणली, सगळे चौकोन तिच्यात भरले, पिशवी कचऱ्यात टाकली आणि बरणीवर कागद चिकटवला. त्यावर आपल्या अक्षरात लिहिलं, ‘सूनबाईच्या हातचं’. खाली शिक्का मारला.

सुनेने बरणी उजेडात धरून वरचा कागद वाचला.

“शिक्का वाकडा बसलाय, बाबा.”

“असू दे,” भिंगबाबा म्हणाले, आणि ढब्बूचं भांडं पुढे केलं.