उतारावरची मोकळी हवा

अक्काला उतारावरच्या घरात न्यायचं, हे खूळ तिच्या धाकट्या भावाचंच. अक्का उभा जन्म बसथांब्यासमोरच्या दुकानात कपडे शिवत आली. पांढरं कापड जरा वेळ मशीनवर पडलं तरी त्यावर काजळी धरायची, आणि तिच्या छातीत काय धरलंय ते डॉक्टर दर खेपेला फोटो उजेडात धरून दाखवायचे. आईबापांच्या मागं तिनंच भावाला वाढवलं, शिकवलं. आणि शिकून पठ्ठ्या झाला काय, तर शहराची हवा मोजणारा! चौकाचौकांत ज्या पेट्या उभ्या होत्या, त्यांतल्या यंत्रांची देखभाल त्याच्याकडे.

"अरे, नुसती मोजता काय?" अक्का म्हणायची. "जरा पुसा की!"

त्यानं तिच्यामागं टुमणंच लावलं होतं. "दुकान बंद कर, अक्का. वर टेकडीच्या उताराला घर बघू. झाडं आहेत, मोकळी हवा आहे."

"आणि गिऱ्हाईकं? ती झाडांना टांगू?"

पण एका हिवाळ्यात दवाखान्यातून परत आल्यावर तिनं हात टेकले. दुकानात मोबाइल दुरुस्त करणारा येऊन बसला आणि अक्का शिलाई मशीन घेऊन उताराला राहायला आली. नव्या घराला भिंतभर खिडकी होती. खाली शहर धुरकटलेलं, वर आभाळ निळंशार. ती खिडकी भावानं स्वतः उघडून दाखवली होती, जणू आभाळही त्यानंच पुसून ठेवलं होतं.

हिवाळ्याचे उरलेले दिवस बरे गेले. उन्हं तापू लागली तशी दुपारी अक्काला धाप लागायला लागली. भावानं चढावर खापर फोडलं, वयावर फोडलं, झाडांच्या मोहोरावर फोडलं. हवेवर त्याचा संशय गेला नाही. हवा तर त्याचं खातं!

त्याच सुमारास ओझोन मोजायचं एक यंत्र दुरुस्त होऊन आलं. असं यंत्र चौकात बसवण्याआधी काही दिवस स्वच्छ जागी चालवून बघायचं, अशी कचेरीची रीत. स्वच्छ जागा म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार? त्यानं यंत्र अक्काच्या मेजावर ठेवलं आणि त्याची नळी खिडकीबाहेर सोडली. आतला पंप फुरफुरू लागला. अक्कानं उरलेल्या छिटाचं झबलं शिवून यंत्राला घातलं, तेव्हा तो ओरडला, "अगं, तापेल ना ते!"

तापलं नाही, पण दुपारी आकडा चढला. चौकातल्या पेटीत ओझोन जेमतेम सापडायचा, तिथल्या आकडे दाखवणाऱ्या पाटीवर त्याच्यापुढं कायम हिरवा दिवा. इथं आकडा त्याच्या कितीतरी पट. "अजून बिघडलेलंच आहे हे," तो म्हणाला. त्यानं फिल्टर बदलला, नळी बदलली. ओझोन काढून टाकलेली हवा यंत्राला दिली, तेव्हा त्यानं गुमान शून्य दाखवलं. नळी पुन्हा बाहेर सोडली आणि आकडा पुन्हा चढला.

"तुझा हा पाहुणा माझ्याच वळणावर गेलाय," अक्का खाटेवरून म्हणाली. "सकाळी शहाणा असतो. दुपार झाली की तो आणि मी बरोबरच बिघडतो, आणि संध्याकाळी बरोबरच निवतो."

तो हसला. हे हसणं पुढं त्याला फार लागलं.

"बाई, यंत्र परत पाठवावं लागणार," त्यानं कचेरीतल्या रसायनवाल्या बाईंना सांगितलं. बाईंनी आकडे पाहिले, जागा कुठली ते विचारलं.

"यंत्र ठणठणीत आहे. घर कुणाचंय?"

"बहिणीचं."

"अरे, पण तुला हे माहीत आहे ना?"

माहीत होतं. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. गाड्यांच्या ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला जागच्या जागी खाऊन टाकतो, म्हणून चौकात ओझोन टिकत नाही. पण तीच हवा वाऱ्याबरोबर शहराबाहेर सरकते. उन्हानं तिच्यातले वायू फुटतात, पेट्रोलच्या नि रंगांच्या वाफा त्यांच्यात मिसळतात, झाडंसुद्धा आपली थोडी वाफ घालतात, आणि वाटेत ओझोन तयार होत जातो. उतारावर त्याला खायला ताजा धूर नसतो. धूर निदान दिसतो, हा दिसतही नाही, नुसता श्वासातून जाऊन छाती जाळतो. पण इतकी वर्षं चौकातल्याच पेट्या उघडझाप करून भावाच्या डोळ्यांना सवय जडली होती, की काळं ते वाईट आणि निळं ते चांगलं. आपल्या हातानं अक्काला आगीतून काढून फुफाट्यात टाकलं, हे त्याला आत्ता कळलं.

तो दुपारीच वर गेला. आभाळ लख्ख निळं होतं. अक्का खिडकीशी बसून वाऱ्याकडे तोंड करून धापा टाकत होती, मोकळी हवा मिळावी म्हणून. त्यानं सगळं सांगितलं.

"मग तोंडाला कापड बांधू?"

"वायू आहे तो, अक्का. कापडातून आरपार जातो."

"दुसरीकडे राहायला जाऊ?"

"या अंगाला हाच वारा. त्या अंगाला कारखाने आहेत."

"मग तुझ्या साहेबांना सांग की, गाड्या कमी करा म्हणून."

"सांगतो ना. रोज आकडे पाठवतो."

"ते काय करतात त्यांचं?"

"पाटीवर लावतात."

अक्काला हसू आलं, आणि हसण्यापाठोपाठ खोकला. तो ओसरेपर्यंत भाऊ तिची पाठ चोळत राहिला. त्याच्या हातात तेवढंच होतं.

"बरं, मी करू काय ते तरी सांग."

"दुपारी बाहेर पडू नकोस. उन्हं कलेपर्यंत खिडकी बंद ठेवायची. आत शिरलेला ओझोन भिंतींवर, कपड्यांवर आपटून मरतो."

त्यानं यंत्राची नळी आत ओढली, खिडकी लावली, कडी घातली. खोली लगेच कोंदली. यंत्रावरचा आकडा हळूहळू उतरू लागला. अक्काच्या कपाळावर घाम आला. तिनं बंद काचेतून खाली शहराकडे पाहिलं, जिथं तिचं दुकान होतं. मग पदरानं तोंड पुसून, रागानं नाही, सहज विचारावं तसं तिनं विचारलं,

"बंदच ठेवायची होती, तर खिडकी माझ्या दुकानालाही होती की रे?"