कार्डावरचे शिक्के

ती लसीकरणाची नर्स होती. बारा वर्षांत तिने हजारो पोरांना टोचलं होतं, पण स्वतःच्या लेकीला सुई लावायची म्हटलं की तिचा हात कापायचा. म्हणून नवराच लेकीला घराजवळच्या दवाखान्यात न्यायचा. त्याचं रबरी शिक्के बनवायचं दुकान होतं, त्यामुळे वेळ हाताशी असायचा. घरी आल्यावर ती लेकीच्या मांडीवरचा कापूस बघायची, लसीकरणाच्या कार्डावरचा नवा शिक्का बघायची आणि निर्धास्त व्हायची.

पाचव्या वर्षी लेक सारखी दमायला लागली. पायांवर निळे डाग उठले. रक्त तपासलं, तर रक्ताचा कॅन्सर निघाला.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "सुया टोचून टोचून नासवलंत पोरीचं रक्त."

असं बोलणाऱ्या कितीतरी आयांना तिने शांतपणे समजावलं होतं. आज ती बाकावरून उठून वॉर्डाच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात डॉक्टरबाई रिपोर्ट आणि लेकीचं कार्ड घेऊन आल्या. "कार्डावर गोवराचे दोन्ही डोस दिसतायत. रक्तात मात्र गोवराविरुद्धची प्रतिकारशक्ती नाहीच. हा शिक्का कुठल्या दवाखान्याचा?"

नवरा उठून उभा राहिला. "माझ्या दुकानातला आहे."

तो बायकोकडे वळला.

"जन्मल्यावर दिल्या तेवढ्याच लशी. पुढची एकही दिली नाही मी. लशीने पुढे रक्ताचे आजार होतात असं वाचलं होतं. तुला सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस?"

"आणि तो कापूस?" तिने विचारलं.

"बागेत बसून मीच चिकटवायचो."

तिने डॉक्टरबाईंच्या हातातलं कार्ड घेतलं आणि एकेका शिक्क्यावरून बोट फिरवलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "लशीने हे झालेलं नाही. दिली नाही म्हणून झालं, असंही मी म्हणणार नाही. पण आता औषधांनी तिची रोगाशी लढायची ताकद जाईल. साधा गोवरही जिवावर बेतेल, आणि उपचार चालू असताना ती लस देता येणार नाही. तेव्हा घरातल्यांनी तरी आपापल्या लशी घ्या."

तिने सगळ्यांना स्वतः टोचलं. नवऱ्याने बाही वर केली तेव्हा तिचा हात जराही हलला नाही. तो म्हणाला, "काहीतरी बोल." ती म्हणाली, "दंड सैल सोडा."

अडीच वर्षं उपचार चालले. दोनदा आशा सुटली होती, पण लेक तरली. डोक्यावर पुन्हा दाट केस आले, शाळा सुरू झाली. नवरा रोज लेकीला सोडायचा, आणायचा, औषधं द्यायचा. एक वेळ चुकली नाही. तरीही प्रत्येक गोळीनंतर बायको रिकामं वेष्टन मागून बघायची, आणि तो मुकाट्याने पुढे करायचा.