नीतूची पंगत

डोमनलालच्या धानाच्या बांधीतला चिन्नोर तांदूळ शिजायला लागला की चार घरं पलीकडे वास जायचा. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर पिकलेला असा भात अख्ख्या पंचक्रोशीत नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. आणि त्याच डोमनलालच्या घरात भाताला बोटसुद्धा न लावणारी नात जन्माला यावी! थट्टा करायला देवाला दुसरं घर मिळालं नाही काय?

नीतू सात वर्षांची. तिला ऑटिझम आहे हे तीन वर्षांपूर्वी कळलं, आणि ते डोमनलालने पचवलं. पोरगी बोलत नाही फार, न बोलो. कुकरने शिटी मारली की कानांवर हात ठेवते, ठेवो. डब्याचं झाकण तासन्‌तास गरागरा फिरवत बसते, बसो बापडी, कोणाचं काय घेते? पण खाणं! जेवण म्हणून हिच्या पोटात जायच्या त्या तीनच वस्तू. आईच्या हातची पोळी, टोस्ट, आणि एकाच कंपनीचं बिस्किट. पोळीवर काळा डाग दिसला की ती पोळी बाद. बिस्किट तुटकं निघालं की ते बिस्किट बाद.

दिवाळीनंतर पोरीचं पोट फुगायला लागलं, हातपाय काड्या झाले. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हिच्या आतड्यांना गहू सोसत नाही. गव्हाचा कणही द्यायचा नाही, आयुष्यभर. म्हणजे पोळी बंद, टोस्ट बंद, बिस्किट बंद. जे जेवत होती तेवढंच नेमकं बंद!

"तुम्हाला काय अडचण?" डॉक्टर हसून म्हणाले. "तुम्ही तर भात खाणारी माणसं."

डोमनलालने कागद गोळा केले आणि बाहेरची वाट धरली.

तेव्हापासून पोरगी येताजाता तोंडात टाकलेल्या केळी, फुटाणे आणि शेंगदाण्यांवर होती. पडवीत धान मोजायचा काटा होता, त्यावर डोमनलाल तिला दर सोमवारी उभी करायचा. काटा पंधरा किलो दोनशेवर अडकून बसलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, की दहा एप्रिलला तपासणीत वजन पंधराच्या खाली दिसलं तर भरती करावी लागेल, नाकातून नळी घालून खायला द्यावं लागेल. आता ज्या पोरीच्या केसांना कंगवा लावायला दोन माणसं लागतात तिच्या नाकात नळी! हातपाय बांधूनच घालतील की. त्या विचाराने डोमनलालला राग यायचा. कोणावर यायचा ते त्यालाही कळत नव्हतं.

नीतूची भूक दुपारची, आणि ते जेवण डोमनलालकडे होतं. मुलगा भुवनेश्वर रायपूरला नोकरीला, रविवारी यायचा. सून रविता तिरोड्याच्या शाळेत मास्तरीण, ती साडेनऊची बस धरायची. राहिली बायको रामकली. तिने एकदा मायेच्या भरात नीतूच्या तोंडात बळेच घास कोंबला होता. नीतूने तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला आणि तिच्याच लुगड्यावर ओकली. रामकलीने त्याच दिवशी हात जोडले. "माह्यानं नाई होत. तुमची नात, तुमीच पाहा."

मग काय, डोमनलाल पाहत होता! रोज बारा वाजता ताटली घेऊन नीतूच्या समोर मांडी ठोकून बसायचा. भात, त्यावर तूप. कधी धिरड्यासारखा तांदळाचा चिला. कधी पोळीसारखी गोल, डाग नसलेली तांदळाची भाकर. नीतू ताटलीकडे पाहायची नाही. झाकण फिरवायची.

"खा नं वो माय. एक घास. आजाचा एक घास."

झाकण गरगर.

"पाय, कसा मस्त भात हाय. मीच पिकवलो. खा."

गरगर.

"काऊन नाई खात वो? का केला तुले ह्या भातानं? सांग तरी! खा म्हन्तो नं!"

आवाज चढला की नीतूचे हात कानांवर जायचे आणि ती हुंऽऽ असा लांब सूर काढायची. की संपलं त्या दिवसाचं जेवण. डोमनलाल तोच थंड भात तिच्या समोर स्वतः गिळायचा आणि तिला फुटाणे द्यायचा. असे तीन महिने. माणूस वेडा व्हायचा बाकी होता.

मार्चच्या सुरुवातीला बोदलकशाला डोमनलालच्या चुलतभावाची तेरवी आली. रामकली माहेरी गेलेली, रविताची शाळा. पोरीला ठेवणार कुठे? खिशात फुटाणे भरले आणि तिला घेऊन गेला.

पंगत बसली. मोहाच्या पानांच्या पत्रावळी, वांग्याची भाजी, वरण, भात, पुरी, बुंदी. नीतू त्याच्या बाजूला बसली. पुरीवाला आला तेव्हा डोमनलालने तिच्या पत्रावळीवर पंजा आडवा धरला. भातवाल्याने मात्र विचारलंही नाही, पळीभर भात टाकून तो पुढे गेला. तेवढ्यात पलीकडच्या साडभावाने डोमनलालचा दंड धरला आणि शेताला न पोचणाऱ्या नहराच्या पाण्याचं रडगाणं सुरू केलं. चांगली दहा मिनिटं सोडेना. त्याच्या तावडीतून सुटून डोमनलाल वळला, तर पत्रावळ रिकामी. नीतूच्या गालावर एक शीत चिकटलेलं.

त्याला आधी वाटलं, कुत्र्याने नेलं असेल. पण भातवाला पुन्हा आला आणि नीतूने आपली पत्रावळ बोटाने इवलीशी पुढे सरकवली. डोमनलालच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लोकांना वाटलं, भावाची आठवण आली.

घरी येऊन त्याने रविताला सांगितलं तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते. रविता ऐकत होती, हसत होती, आणि एकदम थांबली. "मामाजी, भात वाढणारा आधी पुऱ्या वाढत होता का?"

"असन. मले का माईत?"

"पिठाचा हात भाताला लागला असेल नं!"

लागलाच होता. रात्रीपर्यंत नीतूचं पोट नगाऱ्यासारखं झालं. दोन दिवस पोरगी पोट धरून कण्हत होती. सोमवारी काटा पंधराला टेकला. बरोबर पंधरा. रविता आवाज न चढवता म्हणाली, "यापुढे कोणाच्या तेरवीला नाही न्यायचं तिला." डोमनलालने मान खाली घातली. पण पोरीने भात खाल्ला होता! ते कसं विसरायचं?

चार दिवस त्याने डोकं खाजवलं आणि उत्तर काढलं. पोरीला पंगत आवडते! पत्रावळ, बसायची टाटपट्टी, बालटी आणि पळी. मग पंगत घरीच घालायची. त्यात काय?

रविवारी त्याने जय्यत तयारी केली. मोहाची पानं आणवली. घरातलं गव्हाचं पीठ आधीच शेजारी गेलेलं होतं. रामकलीने वांग्याची भाजी तशीच तेरवीसारखी केली, तोंडाने मात्र "घरात कोनी मेला नाई आन्‌ तेरवीचा सयपाक" असा जप चालू होता. पंगतीला माणसं हवीत म्हणून डोमनलालने बालपणचा दोस्त सुखराम आणि गल्लीतल्या चार जणांना बोलावलं.

सुखराम दारातूनच ओरडला, "का बे डोमन, कोन मेला?"

"तूच मेला समज आन्‌ बस चुपचाप!"

सगळे ओळीने बसले. मध्ये नीतू. डोमनलाल दुपट्टा कमरेला बांधून बालटी घेऊन आला. अगदी त्या भातवाल्यासारखी झपझप पळी चालवली. मग तो उभा राहिला. ओळीतली सगळी माणसं हातातला घास हातात धरून नीतूकडे पाहू लागली. रविता दारातून, भुवनेश्वर खिडकीतून. रामकलीने तर पदराचा बोळा तोंडात धरला होता.

नीतूने कानांवर हात ठेवले. हुंऽऽ.

"खा नं," सुखराम लाडात म्हणाला. "पाय, सारेच खाऊन राह्यले."

"कोनीच नाई खाऊन राह्यला!" डोमनलाल भडकला. "सारे बैलासारखे पाहून राह्यले! आनलो कायले तुमाले? जेवा!"

"अबे, माह्यावर कायले चिडतो? एक तर पाहुना म्हनून बोलावला—"

"पाहुना! माह्या बांधीचं पानी पळवनारा पाहुना!"

झालं. मागच्या महिन्यात उन्हाळी धानाला नहराचं पाणी सोडलं तेव्हा डोमनलालच्या पाळीला सुखरामने बांध फोडून पाणी आपल्याकडे वळवलं, असा डोमनलालचा पक्का संशय होता. तो महिनाभर गिळून ठेवलेला संशय आता बालटीसकट बाहेर आला. सुखराम उष्ट्या हाताने उठला. एकाने सुखरामची बाजू घेतली, दुसऱ्याने डोमनलालची, तिसरा म्हणे दोघंही चोर. भुवनेश्वर मध्ये पडला. डोमनलालने पळी जमिनीवर आपटली, सुखरामने त्याच्या आजोबांपर्यंतचा उद्धार केला, आणि रामकली दोघांना मिळून शिव्या घालू लागली.

रविताचा हात डोमनलालच्या दंडावर पडला.  तिने डोळ्यांनीच दाखवलं.

नीतू खात होती. एका हाताने एक कान झाकलेला, दुसऱ्या हाताने एकेक शीत उचलून, सावकाश. एवढ्या कल्ल्यात! डोमनलाल पाहत राहिला आणि सारी पंगत पाहत राहिली. नीतूने मान वर केली, सगळ्यांचे डोळे पाहिले, हातातलं शीत खाली टाकलं आणि झाकणाकडे सरकली.

तेव्हा डोमनलालला कळलं. बोदलकशालाही तेच झालं होतं. ना पान, ना पंगत, ना ती वांग्याची भाजी. साडभावाने त्याचा दंड धरून त्याला तिकडे वळवलं होतं, एवढंच. तीन महिने पोरगी भात खात नव्हती ती भातामुळे नाही. रोज बारा वाजता तिच्या तोंडासमोर दोन डोळे लावून जो म्हातारा बसत होता, त्याच्यामुळे. नळीची भीती त्याला, आणि उपाशी ठेवणाराही तोच! त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. सुखरामची माफीसुद्धा मागितली नाही त्याने, पडवीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने पत्रावळीवर भात वाढला. वरण वेगळ्या वाटीत, लांब. "खा" म्हणाला नाही. नीतूकडे पाठ केली आणि अंगणाकडे तोंड करून बसला. अंगणात पाहण्यासारखं काय होतं? एक कोंबडी, एक पाट्याचा दगड. बराच वेळ झाकणाची गरगर. मग ती थांबली. मग पानाची चुरचुर.

त्याने मांडीला चिमटा काढून घेतला.

पाचव्या दिवशी मात्र राहवलं नाही. आपल्या हाताने पिकवलेला भात, आपली नात, आपण का नाही पाहायचं? त्याने हळूच मान वळवली. नीतूने तोंडातला घास पानावर थुंकला. त्या दिवशी फुटाणे. डोमनलालने स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या सुखरामच्या वाट्यालाही कधी आल्या नव्हत्या. त्यानंतर मान वळली नाही. मानेला खाज आली तरी नाही. रामकलीलाही सांगून ठेवलं, दुपारच्या वेळी इकडे फिरकू नको. आणि रविवारी रविता आणि भुवनेश्वर अंगणाकडे तोंड करून त्याच्याच ओळीत बसायचे.

दहा एप्रिलला नागपूरच्या काट्यावर नीतू पंधरा किलो आठशे भरली. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. "नळीचं आता नाव काढायचं नाही," ते म्हणाले. "काय दिलंत हो?"

"भात," डोमनलाल म्हणाला. "आमी भात खानारेच मानसं हो."

परतीच्या बसमध्ये नीतू खिडकीजवळ झोपली होती. रविताने दोनतीनदा डोळे पुसले. मग तिने सासऱ्याकडे वळून विचारलं, "मामाजी, आमचं तर फक्त रविवारी. तुम्ही रोज असता तिच्याजवळ, एखादवेळी नजर गेलीच असेल. आता कशी खाते हो ती? हाताने कालवते? मोठा घास घेते की तसंच एकेक शीत?"

डोमनलालने दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"मले का माईत वो बाई," तो म्हणाला. "मी अजून पायलोच नाई."