तीन वाटांचं बियाणं

नवसाबाईच्या नजरेबद्दल पेठच्या डोंगरात जे सांगतात, त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं पाटीभर होतं. म्हणे एकदा बाजारात तिनं दुकानदाराच्या पोत्यातले चार तांदूळ तळहातावर घेतले नि सांगितलं, "हे आमच्याच घाटाखालचं भात. आणि ज्याच्या शेतातलं हाय ना, त्याचा डावा बैल लंगडतो." दुकानदार खात्री करायला बारा कोस चालत गेला. बैल खरंच लंगडत होता! आता बैलाची भर वाटेत कुणी घातली असेल तर असेल, पण भाताचं खोटं नव्हतं. कापणीच्या आधी पाड्यावरचं घरटी एक माणूस तिला आपल्या खाचरात घेऊन जाई. ती बांधाबांधानं चालत परक्या वाणाच्या लोंब्या खुडून टाकी, आणि उरलेल्यातून पुढच्या सालचं बियाणं धरलं जाई. कुणाच्या शेतात कुणाचा वाण कोणत्या वाटेनं घुसला, सगळं तिला तोंडपाठ.

असल्या बाईच्या घरात सात वर्षं एक खडा दडून होता, नि तो तिनंच दडवला होता.

तीन वर्षांत पाड्यावरचे तीन तरणे गडी गेले. पहिला तिचा पुंजा, २००३ साली. मग रावजीचा थोरला, मग ओहोळापलीकडचा गोरक्ष. तिघेही झिजून खराट्याच्या काडीएवढे झाले नि विझले. आजाराचं नाव दवाखान्याच्या भिंतीवर लाल रंगात वीतभर अक्षरांत लिहिलेलं होतं. पण भिंतीवरच्या नावापेक्षा चुलीपाशी बसणाऱ्या माणसाचं नाव लोकांना लवकर पटतं. पाड्यानं ते शोधलं: सविता, पुंजाची विधवा. सुरगाण्याकडची, म्हणजे परकी. ती आली नि मरणं लागली. आणि वर स्वतः काही मेली नाही; दर महिन्याला नाशिकहून गोळ्या आणून चांगली अंगानं भरली.

"तिघांचं रक्त प्याली, मग अंग धरणार नाय तर काय?" रावजी चावडीवर म्हणे. पाचवी शिकलेला माणूस, त्यामुळे त्याचं बोलणं जरा जास्त खरं वाटे.

आषाढात डॉक्टर स्नेहल आली. गंगापूर रोडवर राहणारी, जीपमधून उतरताना चप्पल चिखलात हरवणारी. दोन सालांमागे तिनं या डोंगरपट्टीतल्या सव्वीस जणांचं रक्त नेलं होतं. रक्त नेणारे पाड्यानं पुष्कळ पाहिले होते, पण परत येऊन काय निघालं ते सांगणारी ही पहिलीच. ती नवसाबाईच्या ओट्यावर बसली, कोरा चहा प्याली नि सांगू लागली.

"आजी, या आजाराचा विषाणू असतो ना, तो पिढी दर पिढी थोडा थोडा बदलत जातो. त्यावरून आम्हाला त्याची घराणी लावता येतात. देशात बहुतेक ठिकाणी सापडते तीच जात इकडेही आहे. पण आतली घराणी वेगळी निघाली. निदान तीन तरी."

नवसाबाईनं सुपातला हात थांबवला. "म्हणजे भात एकच, वाण तीन."

डॉक्टरीण हसली. "हे मला पुण्याच्या सभेत सुचलं असतं तर बरं झालं असतं."

"वाण तीन, म्हणजे एकाच घरून आलेलं नाय."

"नाही. एका माणसानं आणून सगळ्यांना दिलं असं झालेलंच नाही."

वाटा कोणत्या, हे नवसाबाईला कुणी सांगायला नको होतं. दिवाळी झाली की अर्धा पाडा रिकामा होई. काही दिंडोरीला द्राक्षाच्या बागांत, काही देवळ्याला कांद्यावर, काही गुजरातेत वापीकडे. होळीला माणसं घरी येत. कापड आणत, रेडिओ आणत, आणि न दिसणारंही आणत.

"मग कुणाचं कुठून आलं?" तिनं हळूच विचारलं.

"ते नाही सांगता येत. आणि आलं असतं तरी सांगितलं नसतं."

"झाक केलंस पोरी," नवसाबाई म्हणाली. पण त्या दिवशी तिनं तेच सूप तीनदा पाखडलं.

रावजीला हे समजल्यावर तो म्हणाला, "शहरातल्या बाईला काय ठावं? आपण आपल्या रीतीनं बघू." रीत ठरलेली होती. झुंबर भगतानं सुपात तांदूळ घ्यायचे, चिमूट चिमूट टाकून जोड्या मोजायच्या, आणि एकटा दाणा उरला की ज्याचं नाव घेतलं तोच दोषी. दोष निघाला की माणसानं पाडा सोडायचा. मेलेल्या तिघांच्या घरून मूठ मूठ तांदूळ मागवले. वार शुक्रवार.

शुक्रवारी सकाळी सविता भाकरी थापत म्हणाली, "आत्याबाई, बोचकं आत्ताच बांधून ठेवू का? मागून घाई नको."

"गप. भाकर करपली."

"भाकरीचं काय, दुसरी करता येती. माझ्या आईच्या घरापुढनं दवाखान्याची गाडी जात नाय. गोळ्या चुकल्या की मी किती दिस पुरंन, तेवढं झुंबरबाबाला दाण्यात बघाया सांगा."

नवसाबाईनं घास खाली ठेवला. ती उठली, बियाण्याच्या वाळक्या, पोकळ भोपळ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक कागद काढून कंबरेला खोचला.

गावदेवाच्या झाडाखाली पाडा जमला होता. झुंबर भगत तसा वाईट माणूस नव्हता. त्याला कोंबडं मिळालं की कुणाचाच राग येत नसे. पण त्या दिवशी त्यानं जन्माची चूक केली. तिन्ही घरचे तांदूळ एकत्र केले आणि नवसाबाईसमोर ठेवले. ज्या बाईला मिसळलेलं बियाणं दिसलं की रात्रीची झोप लागत नाही, तिच्यासमोर!

"थांब झुंबरभाऊ," ती पुढं सरसावली. "तू जोड्या मोजशील. मी आधी जाती मोजते."

"वहिनी, देवाच्या सुपाला हात?"

"देवाला निवडलेलं आवडत नाय होय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात म्हातारीची बोटं चालू लागली. कोंबडी दाणे टिपते तशी. लोक तर सांगतात की झुंबरची विडी संपायच्या आत सुपात तीन ढीग पडले होते: एक लालसर बुटका, एक बारीक वासाचा, एक लांबट.

"बघा. तीन वाण. एका शेतातनं आलेले नाय. रक्ताचंबी तसंच निघालंय, ती डॉक्टरीण सांगून गेली."

"मग ह्यातला कुठला कुणी आणला, तेबी सांग!" रावजी ओरडला.

"दुसऱ्याच्या ढिगाचं मी बोलणार नाय, रावजी. तुझ्याबी नाय." तिनं लालसर ढिगावर तळवा ठेवला. "हा माझा. ह्याचं बोलते." कंबरेचा कागद काढून त्याच्या हातात दिला. "तू शिकलेला. तारीख वाच."

रावजीनं कागद उलटा धरला, सुलटा केला. "पुंजाचं नाव हाय. नाशिकच्या दवाखान्याचा कागद. फेब्रुवारी नव्याण्णव."

"पुंजाचं लगीन कधी झालं?"

बायका बोटांवर महिने मोजू लागल्या. वैशाखात झालं होतं, नव्याण्णवच्याच. सगळे जेवले होते.

"द्राक्षाच्या बागेतनं आला तवाच आजार घेऊन आला. मला सांगितलं त्यानं. रडला. मी म्हटलं, लगीन लावू, हुईल बरा. कागद बियाण्यात पुरला." तिनं सवितेकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही. "हिनं काही आणलं नाय. हिला मी दिलं. पाडा सोडायचा तर मी सोडते. बोचकं बांधायलाबी येळ लागणार नाय, माझं काय हाय?"

झुंबरनं सुपाकडे पाहिलं. तीन ढिगांत जोड्या कशा मोजायच्या, हे त्याच्या बापानं शिकवलं नव्हतं. "आज देव बोलत नाय," तो म्हणाला, आणि तांदूळ ज्याच्या त्याला परत दिले. रावजीनं आपला ढीग पदराच्या टोकात बांधावा तसा उपरण्यात बांधला नि मान खाली घालून गेला. चावडीवर तो पुन्हा बोलला, पण सवितेबद्दल नाही.

सविता पाड्यावरच राहिली. मात्र घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात तिनं वेगळी चूल मांडली. दोन चुली, एक छप्पर, आणि शब्द एकही नाही. नवसाबाईनं कधी माफी मागितली नाही. ती मागण्याजोगी गोष्ट नव्हती, हे तिला कळत होतं. महिन्याच्या गोळ्यांच्या दिवशी ती पहाटे उठून गाडीच्या वाटेवर कंदील धरून उभी राही. सविता कंदिलाच्या उजेडात चाले, तिच्याकडे न बघता.

अश्विनात भात पिकलं. लोंब्या खुडायला नवसाबाई खाचरात गेली, तर सविता आधीच बांधावर वाकलेली. तिनं दोन-चार परक्या लोंब्या खुडल्या होत्या, आणि एक चांगलीही. नवसाबाई पाहत राहिली. मग तीही शेजारच्या बांधावरून खुडू लागली.

बऱ्याच वेळानं सवितेनं ती लोंबी तिच्यापुढे धरली. वर न बघता विचारलं, "ही चुकली का?"

"चुकली," नवसाबाई म्हणाली. "ही ठेवायची होती."

सवितेनं लोंबी परत घेतली, अंमळ फिरवून पाहिली, आणि बियाण्याच्या पाटीत टाकली.