तासलेला पियानो

आमचे हे सुतार. हात सुपाएवढे, आणि बोटं अशी की लग्नात अंगठी करताना सोनाराने दोनदा माप घेतलं आणि तिसऱ्यांदा हात जोडले.

लेकीला शाळेच्या कार्यक्रमात एकटीने गायचं होतं. पियानोवर साथीला तिची आत्या बसणार होती, तर ती जिन्यावरून घसरली आणि मनगट प्लास्टरमध्ये. लेक रडकुंडीला आली. मला माझ्या आईने पियानो शिकवलाय, पण चार माणसांसमोर हात लटपटतात, म्हणून मी अंग काढून घेतलं. तर हे छाती काढून म्हणाले, "मी वाजवतो. तीनच तर कॉर्ड आहेत!"

तीनच! पण कॉर्ड म्हणजे तीन सूर एकदम दाबायचे, आणि त्यातल्या दोन कॉर्डचा मधला सूर काळ्या पट्टीवर. तिथे पोचायचं तर हात आत सरकवावा लागतो, आणि यांची बोटं काळ्या पट्ट्यांच्या फटीत अडकायची. एक सूर दाबला की शेजारचाही न बोलावता हजर. लेक म्हणाली, "बाबा, ही साथ नाही, भांडण आहे."

एक दिवस बाजारातून येते तर काय, कॉर्ड अगदी स्वच्छ! मला भरून आलं. जवळ जाऊन बघते तो पियानोवर भुसा. या माणसाने माझ्या आईच्या पियानोच्या काळ्या पट्ट्या कानशीने दोन्हीकडून तासल्या होत्या!

"अगं, दार घट्ट बसलं तर आपण दार तासतो, माणूस नाही," हे म्हणाले.

मी यांच्याशी बोलणंच टाकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवरचा पियानो बघून यांचा चेहरा खर्रकन उतरला. तो थोडाच कोणी तासला होता! मेलं, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

लेक माइकसमोर उभी. यांनी पहिली कॉर्ड दाबली, आणि पाच सूर एकदम केकाटले. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. पुन्हा दाबली, तर बोट निघेना. पोरीचे ओठ थरथरायला लागले.

माझं डोकंच सणकलं. भीतीबिती गेली खड्ड्यात! तरातरा वर गेले आणि यांना ढकलून बाकाच्या टोकावर बसले. "कडेच्या दोन पांढऱ्या तुमच्या, अगदी पुढच्या टोकाला दाबा. काळी माझी. आत बोट घातलंत तर खबरदार!"

यांच्या पंजाखाली माझं एक बोट. लेकीने वळून पाहिलं आणि आवाज सोडला. काय गायली हो पोर!

"म्हणजे आता बोलतेस ना?" हे कुजबुजले.

"गाणं संपेपर्यंत."

शेवटचं कडवं झालं, टाळ्या सुरू झाल्या, लेक वाकून नमस्कार करायला लागली. आणि या माणसाने, मान खाली घालून, पहिली कॉर्ड परत धरली. कडेचे दोन सूर वाजले आणि हे माझ्याकडे न बघता थांबले.

लेक हसू दाबत पहिल्या ओळीवर परत आली. मी तरी काय करणार? दाबली काळी.